शंकुसाखळी आणि शेंडेनक्षत्र

इ. स. १८३५ सालीं, भीमा आणि नीरा या नद्यांच्या मध्यें वसलेल्या इंदापूर तालुक्यांत जमिनीची नवी मोजणी सुरू झाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत, म्हणजे शके १७५७ मध्यें, हॅलेचा धूमकेतु सूर्याजवळून गेला. या दोन घटनांमध्यें कार्यकारणभाव कांहींएक नाहीं. परंतु मोजणी म्हणजे काय, आणि मोजणींत राहिलेल्या चुकीचें काय करावयाचें असतें, हें समजून घ्यावयाचें असेल तर त्या दोन्ही एकत्र ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

शेंडेनक्षत्र दिसलें कीं राज्यावर अरिष्ट येतें, ही समजूत फार जुनी. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेंत केतुचारावर एक स्वतंत्र अध्याय लिहिला. त्यांत केतूंचीं फळें विस्तारानें दिलेलीं आहेत. पण आरंभींच त्यानें एक प्रांजळ कबुलीहि दिली आहे: केतूचें दर्शन केव्हां होईल आणि तो केव्हां मावळेल, हें गणितानें सांगतां येत नाहीं. भीतीचें मूळ येथेंच आहे. ग्रहणहि एके काळीं भयंकर वाटे. पण पंचांगांत त्याची घटका-पळें मांडलेलीं दिसूं लागलीं, तसतसा त्याचा धाक कमी झाला. धूमकेतूला पंचांग नव्हतें.

तें पंचांग मांडण्याचा पहिला मान एडमंड हॅले यांचा. १७०५ सालीं त्यांनी चोवीस धूमकेतूंच्या कक्षा गणितानें काढून प्रसिद्ध केल्या. त्यांपैकीं १५३१, १६०७ आणि १६८२ या सालच्या कक्षा जवळजवळ सारख्या आढळल्या. यावरून हा एकच धूमकेतु पुनःपुन्हा येत असून १७५८ च्या अखेरीस तो परत येईल, असें त्यांनीं भाकित केलें. १७४२ मध्यें हॅले वारले. पुढें क्लेरो या फ्रेंच गणितज्ञानें लालांद आणि श्रीमती लपोत यांच्या साहाय्यानें महिनेच्या महिने आंकडेमोड केली. गुरु आणि शनि यांच्या ओढीमुळें धूमकेतूला एकंदर ६१८ दिवसांचा उशीर होईल आणि १७५९ च्या एप्रिलच्या मध्यास तो सूर्याच्या सर्वांत जवळ येईल, असें त्यांचें उत्तर आलें. एक महिन्याची चूक संभवते, हेंहि त्यांनीं आधींच बजावून ठेवलें. प्रत्यक्षांत तो दिवस १३ मार्च हा ठरला. चूक एका महिन्याची. पण पाऊणशें वर्षांच्या प्रवासांतील!

त्या काळीं बारामतीस बाबूजी नाइकांच्या आश्रयास कविवर्य मोरोपंत होते. त्यांचें वय तेव्हां तिशीचें. पुढें दोनच वर्षांनीं पानिपत झालें. त्याच्या मागच्या फेरीस, १६८२ मध्यें, औरंगजेब दक्षिणेंत उतरला होता. अरिष्टवादी मनुष्याला एवढा पुरावा पुरे वाटतो. परंतु १८७६–७७ च्या भीषण दुष्काळानें बारामती-इंदापूरचा मुलूख होरपळून निघाला, तेव्हां हाच धूमकेतु आपल्या कक्षेच्या दूरच्या टोंकाशीं, नेपच्यूनच्या पलीकडील अंधारांत होता. जुळलेलें तेवढें टिपून ठेवावयाचें आणि न जुळलेलें सोडून द्यावयाचें, याला मोजणी म्हणत नाहींत.

आतां १८३५ कडे वळूं. इंदापुरांत याच्या आधीं एक मोजणी झालेली होती. प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें ती केली होती. पिकाच्या उत्पन्नांतून सर्व खर्च वजा करावा आणि उरेल त्याचे शेंकडा ५५ सरकारानें घ्यावे, असें तिचें सूत्र. कागदावर हें गणित मोठें शास्त्रशुद्ध दिसे. परंतु त्याखालचीं मापें आणि अंदाज सदोष होते. सारा जड झाला, थकबाकी सांचली आणि जमिनी ओस पडल्या. तेव्हां गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनीं इंदापुरांत काम नव्यानें हातीं घेतलें. पुन्हा शेतांत साखळी पडली. मातीची खोली आणि जात पाहून जमिनीची प्रत ठरली. सारा उतरला आणि तो तीस वर्षांसाठीं कायम झाला. पुढें मुंबई इलाख्यांत सर्वत्र पसरलेल्या जमाबंदीच्या पद्धतीचा उगम इंदापूरच्या या रानांत आहे. पहिल्या मोजणींतील चुकीची किंमत कुणब्यानें मोजली. दुसरीचें श्रेय हें कीं तिनें ती चूक झांकली नाहीं.

आकाशांतील मोजणीहि याच वाटेनें चालली होती. १८३५ च्या फेरीसाठीं पोंतेकूलां यांनीं केलेल्या गणितांत चूक उरली ती सुमारें तीन दिवसांची. १९१० च्या फेरीसाठीं कॉवेल आणि क्रॉमेलिन यांनीं नेपच्यूनचीहि ओढ हिशेबांत धरली. तरी धूमकेतु २० एप्रिलला, म्हणजे पुन्हा सुमारें तीन दिवस उशिरानेंच, सूर्याजवळ पोंचला. चूक एकदां झाली तर ती निसटली म्हणतां येईल. तीच चूक, तेवढीच आणि त्याच बाजूला दोनदां झाली, तर ती चूक नसून खूण असते.

त्या खुणेचा अर्थ १९५० सालीं फ्रेड व्हिपल यांनीं स्पष्ट केला. धूमकेतूचा गाभा हा बर्फ आणि धूळ यांचा गोळा आहे. सूर्याच्या उष्णतेनें त्यांतून वाफेचे झोत सुटतात. गाभा स्वतःभोंवतीं फिरत असल्यामुळें हे झोत त्याला किंचित् ढकलतात आणि हॅलेच्या धूमकेतूला दर फेरीस सुमारें चार दिवसांचा विलंब होतो. आश्चर्य हें कीं हे झोत बेसेल यांनीं १८३५ मध्येंच दुर्बिणींतून पाहून रेखाटले होते.

धूमकेतूच्या तेजाचें गणित मात्र कक्षेपेक्षां अवघड. ग्रह सूर्याच्या दुप्पट जवळ आला तर त्याच्यावर चौपट प्रकाश पडतो. धूमकेतु जवळ येतांना नुसता उजळत नाहीं, तर वितळून पसरतोहि. त्यामुळें त्याचें तेज पुष्कळदां सोळा पटींनीं वाढतें. हॅलेचा धूमकेतु सूर्याला वळसा घालून परततांना येतांनापेक्षां अधिक तेजस्वी असतो. शिवाय पृथ्वी कोठें आहे यावरहि पुष्कळ अवलंबून असतें. १९१० च्या मे महिन्यांत तो पृथ्वीपासून सुमारें सव्वादोन कोटि किलोमीटरांवर आला आणि त्याचें लांबलचक शेंपूट पहांटेच्या आकाशांत सर्वांनीं पाहिलें. त्या शेंपटांत विषारी वायु असल्याचें वर्णपटावरून कळतांच विलायतेंतहि घबराट झाली, आणि भोंदूंनीं धूमकेतूवरच्या गोळ्या विकल्या. वायु होता हें खरें. पण तो इतका विरळ कीं पृथ्वीला त्याची बाधा संभवत नव्हती. मोजणीचें अर्धेंच वाक्य ऐकलें तर तेंहि अपशकुनासारखें वागतें!

१९८६ मध्यें तो धूमकेतु पुन्हा आला. त्यापूर्वीं, १६ ऑक्टोबर १९८२ रोजीं, पॅलोमारच्या मोठ्या दुर्बिणीनें तो शनीच्याहि पलीकडे हुडकून काढला होता. तेव्हां तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या अत्यंत अंधुक ताऱ्याहून सुमारें दीड कोटि पट मंद होता. ९ फेब्रुवारी १९८६ रोजीं तो सूर्याजवळ पोंचला आणि या वेळीं गणितांतील चूक अवघ्या कांहीं तासांवर आली. मार्चमध्यें जोत्तो हें यान त्याच्या गाभ्यापासून सुमारें ६०० किलोमीटरांवरून गेलें. सुमारें पंधरा किलोमीटर लांबीचा तो गाभा कोळशासारखा काळा निघाला. परंतु या खेपेस पृथ्वी गैरसोयीच्या जागीं होती. त्यामुळें आजोबांनीं वर्णिलेलें शेंडेनक्षत्र पाहण्याच्या आशेनें गच्चीवर गेलेल्या नातवंडांच्या पदरीं निराशाच आली.

९ डिसेंबर २०२३ रोजीं हा धूमकेतु आपल्या कक्षेच्या दूरच्या टोंकास पोंचून माघारी वळला आहे. २८ जुलै २०६१ रोजीं तो पुन्हा सूर्याजवळ येईल आणि १९८६ पेक्षां पुष्कळ अधिक तेजस्वी दिसेल. ते दिवस ऐन पावसाळ्याचे. पुण्याच्या पश्चिमेस तेव्हां आभाळ बहुधा झांकलेलें असेल. पर्जन्यछायेंतील बारामती-इंदापूरकरांना मात्र, ज्या कोरड्या आभाळानें त्यांना पिढ्यान् पिढ्या रडविलें, तेंच आभाळ त्या वेळीं कदाचित् उपकार करील. आज जें मूल पहिलीच्या वर्गांत बसलें आहे, तें तेव्हां चाळिशी ओलांडून गेलेलें असेल. त्याला त्या शेंडेनक्षत्राचें भय वाटण्याचें कारण उरलेलें नाहीं. दिवस आधींच मांडून ठेवलेला आहे. आणि त्यांत चूक राहिलीच, तर ती पुढच्या पाऊणशें वर्षांच्या गणिताचें भांडवल होईल.