लिव्हरचा डॉक्टर म्हणजे कोण? कावीळ झाल्यावर कुठं जायचं?

नांदेड/लातूर : डोळे पिवळे दिसले की आपल्याकडं आधी काविळीची माळ घालतात, नाहीतर झाडपाल्याचं औषध देतात. पण कावीळ हा आजार नाही, लक्षण आहे. दूषित पाणी, दारू, हिपॅटायटिस बी-सी, पित्तनळीतला खडा अशी कारणं वेगवेगळी असतात. काही झाडपाल्यानं तर लिव्हर आणखी बिघडतं. नेमकं कारण शोधून उपचार करणाऱ्या डॉक्टरला हिपॅटॉलॉजिस्ट, म्हणजे यकृततज्ज्ञ म्हणतात. पोटविकारतज्ज्ञही हे आजार बघतात.

शिक्षण किती?
'लातूर पॅटर्न'मधून नीट पास झालेल्या पोरांसाठी एमबीबीएस ही पहिली पायरी. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, पुढं एमडी ३ वर्षं आणि डीएम ३ वर्षं. एकूण साडेअकरा वर्षं, आणि प्रत्येक टप्प्याला वेगळी परीक्षा.

काम काय?
रक्ताचे रिपोर्ट आणि सोनोग्राफी बघून लिव्हर किती खराब झालं ते ठरवणं, पोटात साचलेलं पाणी काढणं, रक्ताची उलटी झाल्यास दुर्बिणीतून फुगलेल्या शिरा बांधणं. लिव्हर बदलायची वेळ आली तर ऑपरेशन सर्जन करतात. पेशंटची आधीची तयारी आणि नंतरची औषधं हे डॉक्टर बघतात.

उशीर महागात पडतो
लिव्हर बरंच खराब होईपर्यंत त्रास जाणवत नाही. बाभळगावचे माजी मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांचं १४ ऑगस्ट २०१२ रोजी चेन्नईत निधन झालं, तेव्हा त्यांचं लिव्हर आणि किडनी निकामी झाली होती. म्हणून तपासणी वेळेत हवी.

कुठं जायचं?
आधी प्राथमिक आरोग्य केंद्र. गरज पडल्यास नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय मेडिकल कॉलेज किंवा लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात हिपॅटायटिस बी आणि सी ची तपासणी व औषधं मोफत आहेत. सी बहुतेक वेळा ३ महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. बी टाळण्यासाठी बाळाला जन्मानंतर २४ तासांत लस द्या.

थांबू नका : रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, पोट फुगणं, काविळीत गुंगी किंवा असंबद्ध बोलणं. लगेच १०८ ला फोन लावा.