दुःखितांचे माहेर

आपल्याकडे घरात मृत्यू झाला म्हणजे त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारणी पिठलेभात करून आणतात, मुलांना आपल्या घरी नेऊन जेवू घालतात, रात्री सोबतीला येऊन बसतात. दहावा होतो, तेरावा होतो, सोयरेधायरे दुखवटा घेऊन येतात आणि जातात. चौदाव्या दिवशी पाहुणे पांगले व शेजारणी आपापल्या उद्योगाला लागल्या, म्हणजे त्या घरातली बाई प्रथमच एकटी पडते. भोवती तीच खुंटी, तोच चष्मा, तीच रिकामी खाट. पहिल्या तेरा दिवसांची तरतूद आपल्या वाडवडिलांनी चांगली केली आहे. पण त्यापुढच्या दिवसांची कोणी केली होती काय, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षे पडत आला आहे. वर्धापनदिनाच्या निमित्ताने त्याविषयीचा थोडा इतिहास भगिनींपुढे मांडावा, असे योजिले आहे.

अलीकडे इंग्लंड-अमेरिकेत शोकग्रस्त माणसांसाठी निवासी शिबिरे भरतात. एखाद्या शांत घरी चार दिवस राहावयाचे, वेळेवर जेवावयाचे, फिरावयास जावयाचे, वाटले तर बोलावयाचे, न वाटले तर गप्प बसावयाचे. आणि सोबतीला असतात तीही माणसे आपल्यासारखीच कोणाला तरी गमावून आलेली. सिसिली साँडर्स ह्या बाईंनी १९६७ साली लंडनमध्ये असाध्य रोग्यांसाठी सेंट ख्रिस्तोफर हे शुश्रूषागृह काढले, तेव्हापासून मरणाऱ्याबरोबर मागे राहणाऱ्यांचीही काळजी वाहावी, हा विचार तिकडे रुजला. आपल्याकडे मुंबईस वांद्र्याला १९८६ साली निघालेले शांती अवेदना सदन हे त्याच जातीचे. हे सारे वाचून आपल्यापैकी एखादी म्हणेल, ही साहेबांची कौतुके! परंतु महाराष्ट्राचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर दुःखी माणसाला काही काळ दुसऱ्या छपराखाली ठेवून सावरावयाचे, ही गोष्ट आपल्या बायकांना चांगली ठाऊक होती असे दिसते.

पूर्वी ही सोय एकच होती, ती म्हणजे माहेर. पण नवरा गेलेल्या मुलीला माहेरही पुष्कळदा परके होई. तिचे केस उतरवीत, तांबडे आलवण नेसवीत, शुभकार्यात तिची सावली नको असे. दुःख करण्याचीही तिला मोकळीक नव्हती. कारण नवरा गेला तो तिच्याच पायगुणाने, असे घरचेच म्हणत. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला, तरी कायद्याने कोणाचा उंबरठा उघडत नाही.

तो उंबरठा प्रथम उघडला पुण्यात, १८६३ साली. जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. अडचणीत सापडलेल्या विधवांनी येथे येऊन सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा ठेवून जावे, असे त्यांनी जाहीर केले. येणारीला नाव-गाव विचारून लाजविणे हा त्या घराचा रिवाज नव्हता. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत ह्याला ह्या दांपत्याने १८७४ साली दत्तक घेतले व पुढे तो डॉक्टर झाला. सावित्रीबाईंनी त्या बायकांची बाळंतपणे केली, म्हणजे पाणी तापविले, दिवा धरला, रात्र जागविली. सेवा ह्या शब्दाचा अर्थ मला तरी ह्याहून वेगळा माहीत नाही.

दुसरे घर पंडिता रमाबाईंचे. ह्या बाईंच्या विद्वत्तेविषयी आपण पुष्कळ ऐकतो. त्यांना किती मृत्यू पाहावे लागले, हे मात्र ध्यानात घेत नाही. दुष्काळाच्या दिवसांत तीर्थयात्रा करता करता त्यांचे वडील, आई व थोरली बहीण गेली. उरलेला भाऊ श्रीनिवास १८८० साली गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी ह्यांच्याशी विवाह झाला, आणि १८८२ च्या आरंभी तेही गेले. पदरी तान्ही मनोरमा. वय अवघे तेवीस. त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, इंग्लंड-अमेरिकेस जाऊन आल्या, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ त्यांनी शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास नेले. ज्या बाईने स्वतःची एवढी माणसे गमावली, तिने काढलेले हे घर होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

सदनात प्रथम आलेली विधवा म्हणजे गोदूबाई जोशी. लग्नानंतर काही महिन्यांतच ती बालपणी विधवा झाली होती, आणि पुढची कित्येक वर्षे सासरी राबण्यात गेली होती. सदनात तिला अक्षरे मिळाली, मैत्रिणी मिळाल्या. हीच गोदूबाई १८९३ साली धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई, म्हणजे सर्वांच्या बाया कर्वे झाली.

त्याच १८९३ साली सदनावर मोठे वादळ आले. मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, ह्या कारणाने न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर ह्यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. कोण बरोबर, कोण चूक ह्यावर तेव्हा पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. ती येथे आणखी नको. पुढे दुष्काळात उपाशी मरणाऱ्या शेकडो बायकामुलींना रमाबाईंनी केडगावास आसरा दिला, हेही विसरून चालणार नाही. मात्र एक गोष्ट ह्यातून शिकण्यासारखी आहे. खचलेले माणूस दारात येते तेव्हा त्याचे मन मऊ झालेले असते. अशा मनावर आपल्या मताचा, मग ते कितीही थोर असो, शिक्का उमटतो आहे अशी नुसती शंका आली तरी लोकांचा विश्वास उडतो आणि नुकसान होते ते त्या दुःखी बाईचे.

कर्व्यांनी हे नेमके ओळखले. स्वतः कर्वे विधुर होते. त्यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली गेली होती. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली. ते स्वतः पुनर्विवाहाचे कट्टर पुरस्कर्ते. स्वतः तसा विवाह केलेले. तरीही आश्रमाचे काम वेगळे आणि पुनर्विवाहाची चळवळ वेगळी, असे त्यांनी कटाक्षाने ठेवले. येथे आलेल्या मुलीने पुन्हा लग्न करावे की न करावे, हे तिचे तिने पाहावे. आश्रमाने तिला आधी उभे करावे. पुण्यात प्लेग आला तेव्हा १९०० साली आश्रम शहराबाहेर हिंगण्यास हलविला. गणेश गोविंद गोखले ह्यांनी सहा एकर जमीन दिली होती, तीवर एक साधी झोपडी उभी राहिली. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात शिकवून पायी चालत हिंगण्यास येत. रस्ता चिखलाचा, वस्ती ओसाड; पण ज्यांना नातलगांच्या नजरेतून सुटावयाचे होते, त्या मुलींना ती ओसाडीच मानवली असेल असे मला वाटते.

ह्या झोपडीने काय केले, ते पार्वतीबाई आठवले ह्यांच्या चरित्रावरून कळते. ह्या बायांच्या धाकट्या बहीण. विशीत वैधव्य आले, पदरी एक मुलगा, अक्षरओळखही बेताचीच. त्या आश्रमात आल्या, शिकल्या, तेथल्या अधीक्षिका झाल्या. पुढे आश्रमासाठी वर्गणी जमविण्यास गावोगाव हिंडल्या. एवढेच नव्हे, तर इंग्रजी शिकण्यासाठी १९१८ साली, वयाच्या पन्नाशीच्या घरात, एकट्या अमेरिकेस गेल्या. त्यांनी ‘माझी कहाणी’ ह्या पुस्तकात हे सारे लिहून ठेवले आहे. आश्रमातला दिवस दळणे, स्वयंपाक, पाठ, झाडलोट ह्यांत जाई. तेथे कोणी कोणाचे डोळे पुसण्याचा समारंभ केला नाही. पण दळताना शेजारी बसलेली बाईही आपल्यासारखीच आहे, हे प्रत्येकीला ठाऊक होते.

तिसरे उदाहरण रमाबाई रानडे ह्यांचे. १६ जानेवारी १९०१ रोजी माधवराव गेले. रमाबाई मुंबई सोडून पुण्याच्या आपल्या घरी आल्या आणि सुमारे वर्षभर जवळजवळ एकांतात राहिल्या. एवढी कर्ती बाई वर्षभर बाहेर पडली नाही, ह्याचे पुष्कळांना नवल वाटते. मला वाटत नाही. मात्र तो एकांत संपला, आणि त्या तुरुंगातल्या बायकांना भेटावयास, इस्पितळातल्या रोग्यांना पाहावयास जाऊ लागल्या. २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्यात सेवासदन उभे राहिले. तेथे वसतिगृह होते, वर्ग होते, आणि परिचारिका व सुईणीचे शिक्षण होते. ज्या विधवेचे दर्शन अपशकुनी मानीत, तीच पांढरा पोशाख करून बाळंतिणीच्या उशाशी उभी राहिली, हे काम सेवासदनाने केले.

इतका वेळ पुण्याविषयी बोलले; आता आपल्या दाराशी येऊ. बुवापाड्यातून हाकेच्या अंतरावर उल्हासनगरचे कॅम्प आहेत. फाळणीनंतर कल्याणजवळच्या ह्या रिकाम्या लष्करी बराकींत सिंधमधून आलेली सुमारे एक लाख माणसे उतरली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते ह्या वस्तीचे नाव उल्हासनगर झाले. कोणाचे घर गेले होते, कोणाचे माणूस गेले होते, आणि ज्या गावात त्याची आठवण काढावयाची ते गावही गेले होते. लांबच लांब बराकीत मधे गोणपाट नाही तर लुगडे टांगून संसार मांडले; एकीचा हुंदका पलीकडच्या चार घरांत ऐकू जाई. हे काही कोणी शोकग्रस्तांसाठी योजून उभारलेले घर नव्हे, आणि त्या हालअपेष्टांना गोड नाव देणे बरे नव्हे. पण पापड लाटीत बसलेल्या त्या बायकांत कोणाला कोणाची कथा नवी नव्हती. आज तेथला बाजार पाहणाऱ्याला हे आठवतही नाही.

ह्या सर्व घरांत एक उणीवही होती. जोतीरावांपासून कर्व्यांपर्यंत सर्वांनी विधवेचे दुःख ओळखले, कारण ते समाजाने केलेले दुःख होते. परंतु ज्या आईचे मूल गेले, ज्या बहिणीचा भाऊ गेला, जी म्हाताऱ्या वडिलांची सेवा करता करता पोरकी झाली, तिच्यासाठी कोणतेच घर निघाले नाही. पुरुषांचे तर नावच नको. त्याने महिन्याभरात कामावर जावे आणि वर्षभरात दुसरे लग्न करावे, एवढाच उपाय लोकांना सुचे. माझ्या ओळखीच्या एका बाईंचा तरुण मुलगा अपघातात गेला. वर्षभर त्या बोलत नव्हत्या. शेवटी बदलापूरच्या बहिणीने त्यांना आठ दिवस नेले. तिचीही मुलगी पूर्वी गेलेली होती. तेथे दोघी भाजी निवडीत, संध्याकाळी नदीपर्यंत चालत. परत आल्यावर त्या मला म्हणाल्या, “आठ दिवसांत मला कोणी धीर धरा म्हणाले नाही, तेवढे बरे वाटले.”

२०२० व २०२१ साली करोनाच्या साथीत तर ते तेरा दिवससुद्धा नाहीसे झाले. पिठलेभात आणावयास शेजारीण येऊ शकली नाही. कित्येकींना शेवटचे दर्शन घडले नाही. ह्या अनुभवानंतरच कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत ठराव करून बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढून घेणे ह्या चाली बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असे कळविले. गावाने एवढे केले. आता आपण काय करणार? आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाला ज्या भगिनी वर्षानुवर्षे पुढे होऊन पानसुपारी देत, त्याच नवरा गेल्यावर मागच्या सतरंजीवर बसतात, अथवा येतच नाहीत. त्यांना कोणी येऊ नका म्हणत नाही. पण या म्हणूनही कोणी सांगावयास जात नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे. वर्धापनदिनाच्या निधीतून काही रक्कम निराळी काढावी. वर्षातून दोन वेळा, गर्दीपासून दूर एखादे घर चार दिवसांसाठी भाड्याने घ्यावे व पाचसहा भगिनींना तेथे न्यावे. नवरा गेलेली, मूल गेलेली, आईबाप गेलेली, असा भेद ठेवू नये. स्वयंपाक सर्वांनी मिळून करावा. भाषण नको, प्रवचन नको, कोणत्याही पंथाचा वा मताचा प्रचार नको. ज्यांना रडावयाचे त्यांनी रडावे, ज्यांना हसू आले त्यांनी संकोच करू नये. शोकात हसू आले म्हणून बायका किती अपराधी होतात, हे आपण जाणतोच. जिची झोप-भूक अगदीच उडाली असेल, तिला डॉक्टरांकडे नेण्याची जबाबदारीही आपलीच समजावी, कारण चार दिवसांच्या सोबतीने सारेच बरे होते असे नाही. आणि परत आल्यावर महिन्यातून एकदा त्यांच्या घरी जावे, वर्षाचा दिवस लक्षात ठेवावा.

ह्यास फार पैसा लागत नाही. हिंगण्याची सुरुवात एका झोपडीने झाली होती. आपल्याकडे तर वर्गणी आहे, ओळखी आहेत, आणि कामाला हातही पुष्कळ आहेत. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा अशी चिटणीसबाईंना माझी विनंती आहे. आणि त्या सभेचे बोलावणे, ज्या भगिनी अलीकडे येईनाशा झाल्या आहेत, त्यांच्या घरी आपण स्वतः जाऊन द्यावे.