सोनं, कापूस आणि हमी

गेले तीन-चार शनिवार-रविवार जुन्या निजामी रेल्वेबद्दल मिळेल ते वाचतोय. सुरुवात झाली एका साध्या प्रश्नाने. आमच्या हिंगोलीला पहिली रेल्वे आली 1912 साली. त्याच हैदराबाद संस्थानात, आताच्या तेलंगणातल्या सिंगरेणीच्या कोळशाला ती 1888 मध्येच मिळाली होती. आणि हट्टीच्या सोन्याला? 1920 मध्ये ती खाण बंद पडली तोपर्यंत तिथे रेल्वे पोचलीच नाही.

म्हणजे कोळसा पहिला, कापूस दुसरा आणि सोनं ढ! हे जरा उलटंच वाटतं ना? आपल्याला वाटतं, जिथे सोनं तिथे सरकार आधी रस्ता नेणार. हा क्रम असा का लागला, हे शोधता शोधता गाडी भलत्याच स्टेशनावर पोचली. तेच आज लिहितोय.

आधी थोडा भूगोल. हट्टी हे गाव रायचूर जिल्ह्यातल्या लिंगसुगूर तालुक्यात आहे. आज कर्नाटकात असलं तरी 1956 पर्यंत ते आणि आमची हिंगोली एकाच हैदराबाद राज्यात होते. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात, स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 मे 1999 ला. हट्टीला सोनं काढणं फार जुनं आहे, पण आधुनिक खाण चालू झाली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. सर्वात जवळची मोठी रेल्वे म्हणजे रायचूर, सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. मधलं अंतर गाडीरस्त्याने.

आता एक गणित मांडू. (इंजिनियर माणूस, आकडे दिसले की हात शिवशिवतात.) 1920 पर्यंतच्या सतरा-अठरा वर्षांत हट्टीतून सुमारे 7 टन सोनं निघालं. सोन्याची घनता पाण्याच्या 19 पट. त्यामुळे हे सगळं सोनं एकत्र रचलं तर घरातल्या गोदरेजच्या कपाटाचा अर्धा भागसुद्धा भरणार नाही. वजनाने म्हणाल तर आठ-नऊ बैलगाड्या. सतरा वर्षांच्या आठ-नऊ बैलगाड्या! तेवढ्याच वजनाची रुई घेतली तर 170 किलोच्या जेमतेम 41 गाठी होतात. प्रेसिंगवाल्याचं ते एका दिवसाचंही काम नाही.

रेल्वेचा धंदा चालतो टन आणि मैलांवर. माल किती मोलाचा आहे यापेक्षा तो किती जड आहे, हे तिच्यासाठी जास्त महत्त्वाचं. सोनं एका मजबूत पेटीत, दोन बंदूकवाल्यांच्या पहाऱ्यात जाऊ शकतं. कोळसा तसा जात नाही. म्हणून सिंगरेणीला फाटा लगेच पडला आणि हट्टी गाडीरस्त्यावर राहिली. (खाण बंद पडण्याचं कारण रेल्वे नसणं हेच होतं, असं मात्र मी म्हणत नाही.)

इथे कुणी म्हणेल, मग कोलारचं काय? बरोबर आहे. कोलारला बोवरिंगपेठ (आताचं बंगारपेट) ते मारिकुप्पम असा 10 मैलांचा फाटा 1894 मध्ये झाला, तोही म्हैसूर सरकारच्या पैशातून. पण तिथेही वजन होतंच, फक्त उलट्या दिशेने. बाहेर येणारं सोनं हलकं, पण आत जाणारी यंत्रं, इंजिनांचा कोळसा, टेकूला लागणारं लाकूड हे सगळं जड. शिवाय म्हैसूर दरबाराला सोन्यावर 5 टक्के रॉयल्टी मिळत होती, म्हणजे घातलेला पैसा वसूल व्हायची खात्री. 1902 मध्ये शिवनसमुद्रहून 92 मैल तारा ओढून कोलारला वीज नेली, तेव्हा त्या कोळशाचं ओझंही बरंच उतरलं.

पश्चिम ऑस्ट्रेलियातही हीच गोष्ट. कूलगार्डीला 1892 मध्ये सोनं सापडलं, 1896 मध्ये सरकारी रेल्वे पोचली. पण तिथे सर्वात जड आणि दुर्मिळ माल होता पाणी! म्हणून सरकारने कर्ज काढून पाचशेहून जास्त किलोमीटर लांबीची पाइपलाइन टाकली. 1903 मध्ये पाणी कालगुर्लीला पोचलं.

म्हणजे पहिला नियम असा: रस्ता सोन्यासाठी होत नाही, वजनासाठी होतो. पण एवढ्याने भागत नाही. वजन तर आमच्याकडेही होतं. हिंगोली ही निजामी मुलखातली कापसाची मोठी पेठ. इंग्रजांच्या ताब्यातल्या वऱ्हाडात 1860 च्या दशकात रेल्वे आली. खामगावला कापसासाठी आठ मैलांचा खास सरकारी फाटा 1870 मध्ये झाला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. आमचा कापूस मात्र पैनगंगा ओलांडून, वाशीमवरून अकोल्याला बैलगाडीनेच जात राहिला. सव्वाशे किलोमीटरचा तो रस्ता. बैल थकले की मुक्काम, पाऊस आला की माल भिजला.

मग पैसे कोण घालत होतं आणि कुठे?

तर निजामाच्या रेल्वेचा पहिला टप्पा, वाडी ते सिकंदराबाद, 1874 मध्ये झाला तो संस्थानाच्या पैशातून. पुढे पूर्वेकडे जायचं तर भांडवल हवं. म्हणून 1883 मध्ये लंडनमध्ये करार होऊन 'निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे' ही कंपनी निघाली. नावातच गॅरंटी! भांडवलावर वर्षाला 5 टक्के, अशी 20 वर्षांची हमी संस्थानाने दिली. गाडी भरून धावो की रिकामी, लंडनच्या भागधारकाचे 5 टक्के पक्के. आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर नुसता चालू ठेवला तरी क्लायंटने पूर्ण बिल भरायचं, असा हा एसएलए. एवढ्या अटीवर कुणीही कंत्राट घेईल :-)

आणि क्लायंट म्हणजे कोण? संस्थानाचं मुख्य उत्पन्न शेतसारा. म्हणजे तेलंगणातल्या रयतेबरोबर आमच्या हिंगोलीचा शेतकरीही त्या हमीचा एक धनी होता. त्याच्या शिवारात रूळ यायला मात्र अजून 29 वर्षं होती.

हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही असंही नाही. चांदा (आपलं चंद्रपूर) रेल्वे योजना म्हणून हा विषय हैदराबादेत गाजत होता. या कराराच्या अटी लोकांपुढे ठेवा, त्यावर चर्चा होऊ द्या, अशी मागणी करणाऱ्यांत डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय पुढे होते. सरोजिनी नायडूंचे वडील, हैदराबादेतले नामांकित शिक्षणतज्ज्ञ. 1883 मध्ये त्यांना संस्थानातून हद्दपार केलं गेलं. हिशेब विचारला म्हणून!

पुढचा भाग सिनेमात शोभेल असा आहे. रेल्वेचा व्यवहार जमवणाऱ्यांतले एक बडे अधिकारी म्हणजे अब्दुल हक. 1886 मध्ये संस्थानातल्या खनिजांचे हक्क 99 वर्षांसाठी 'हैदराबाद (डेक्कन) कंपनी'ला दिले गेले, त्यातही हेच गृहस्थ. भांडवलातला मोठा हिस्सा प्रवर्तकांनी रोख न भरता आपल्या नावावर करून घेतला आणि त्यातले काही शेअर चढ्या भावाने निजाम सरकारलाच विकले गेले. म्हणजे खाण आपली, आणि तिचे शेअर आपणच विकत घ्यायचे. बोभाटा एवढा झाला की 1888 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटला चौकशी समिती बसवावी लागली. अब्दुल हकांची नोकरी गेली. खनिजांचे हक्क मात्र कंपनीकडेच राहिले.

म्हणून दुसरा नियम: रस्ता कुठे जाणार हे वजनावर ठरतं, पण तो केव्हा होणार हे 'हमी' कुणाला मिळते यावर ठरतं. कंपनीची 1883 ची हमी लंडनच्या भागधारकाला होती. त्यामुळे रूळ आधी कोळशाकडे गेले. मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज 1901 पर्यंत पूर्ण झाली आणि तिच्यावरच्या पूर्णेहून हिंगोलीचा फाटा पडला 1912 मध्ये. पुढे अकोल्याला रूळ जोडायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं आणि ब्रॉडगेज व्हायला 2008.

इथेच थांबणार होतो. पण 'हमी' हा शब्द डोक्यातून जाईना. आपल्याकडे तो शब्द आणखी कुठे ऐकतो आपण? रोजगार हमी!

1972 चा दुष्काळ मराठवाड्यात ज्यांनी पाहिला त्यांच्याकडे विषय काढून बघा. खडी फोडायचं काम, सुकडी आणि रस्त्यावर मुरूम टाकणारी अख्खी गावं, हेच ऐकायला मिळतं. वि. स. पागे यांनी ज्या योजनेसाठी आयुष्य वेचलं ती आधी 1965 मध्ये तासगाव भागात करून पाहिली होती. 1972 मध्ये ती राज्यभर आली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला. आमच्या भागातल्या कित्येक गावांचा पहिला रस्ता असा पडला. तिथे ना कोळसा, ना सोनं. रस्ता पडला कारण मागेल त्याला काम द्यायची हमी सरकारने दिली होती. ते रस्ते कच्चे होते, अर्धवट राहिले, काही दोन पावसाळ्यांत वाहून गेले, हे सगळं खरं. पण इथे हमी भागधारकाची नव्हती, खडी फोडणाऱ्या बाईची होती. 2000 मध्ये प्रधानमंत्री ग्राम सडक योजना आली, तिने तर गावाची लोकसंख्या हेच माप धरलं. टनांच्या जागी माणसं मोजायला आपल्याला एवढा काळ लागला.

आणि या हमीचे पैसे कुठून आले, माहीत आहे? त्यासाठी महाराष्ट्राने 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला. पुण्या-मुंबईतल्या पगारदारांकडून घ्यायचा आणि रोजगार हमीत घालायचा. तुमच्या-आमच्या पगारपत्रकात दरमहा 200 रुपये (फेब्रुवारीत 300) 'पी. टी.' म्हणून कापले जातात ना, तेच ते. ऑफिसात या कपातीवर वर्षातून एकदा तरी कुणीतरी कुरकुरतोच, "हे नक्की कशाचे कापतात रे?"

आता उत्तर माझ्याकडे आहे. 1883 मध्ये हिंगोलीच्या शेतकऱ्याने लंडनच्या हमीचा भार उचलला, त्याला कुणी विचारलंही नव्हतं. आपल्यालाही कुणी विचारत नाही म्हणा, पण आपले 2500 रुपये निदान योग्य दिशेला निघालेत. ते पोचतात की नाही, हे विचारायचा हक्क मात्र सोडू नका. अघोरनाथांना तो महागात पडला होता, आपल्याला आज एक माहिती अधिकाराचा अर्ज पुरतो.