विधवेचे बाळंतपण आणि पंढरपूरचा बालकाश्रम

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातील ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या इतर उच्च जातींत विधवेला पुन्हा लग्न करण्याची मुभा नव्हती. अनेक शेतकरी व कारागीर जातींत पाट लावण्याची, म्हणजे विधवेचे पुन्हा लग्न लावण्याची, चाल होती. पण या घरांत आठ-दहा वर्षांच्या मुलीचा नवरा वारला तरी तिचे उरलेले सारे आयुष्य सोवळेपणात जाई. न्हाव्याला बोलावून केशवपन करायचे, अंगावर लाल अलवण, एक वेळचे जेवण, सणासुदीला तोंड दाखवायचे नाही आणि दिवसभर घरच्यांसाठी राबायचे, असा तिचा दिनक्रम असे. तिला संरक्षण देणारे कोणी नसे. अशा स्त्रीला दिवस गेले की तिला त्या अवस्थेत आणणारा पुरुष पुष्कळदा त्याच घरातला किंवा ओळखीतला निघे.

पापाचा हिशेब मात्र तिच्या एकटीच्या नावावर मांडला जाई. जातीत ग्रामण्य, म्हणजे जातीपुढचा निवाडा, उभे राही आणि सबंध घर वाळीत पडण्याची भीती असे. धर्मशास्त्रातल्या घटस्फोट (घागर फोडण्याच्या) विधीत दासीच्या पायाने पाण्याची घागर लवंडून पतिताला मेलेला मानत. पुरुषाला मात्र पंचगव्य घेऊन आणि दक्षिणा देऊन शुद्ध होता येई. इंग्रजी कायद्यानेही हा तोल सावरला नाही. 1862 पासून लागू झालेल्या भारतीय दंडसंहितेत गर्भपात, अर्भकाला टाकून देणे आणि जन्म लपवणे हे गुन्हे होते. व्यभिचाराचे कलम परक्याच्या बायकोपुरते होते. विधवेशी तिच्या संमतीने संबंध ठेवणारा पुरुष त्यात सापडतच नव्हता. 1856 च्या कायद्याने विधवाविवाह वैध ठरला होता, पण पुन्हा लग्न करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जाई आणि समाज तिला जवळ करत नसे.

दोष एकट्या स्त्रीच्या माथी मारण्याचे असेच चित्र नॅथॅनिएल हॉथॉर्न या अमेरिकन लेखकाच्या 1850 मधल्या ‘द स्कार्लेट लेटर’ या कादंबरीत आहे. सतराव्या शतकातल्या प्युरिटन बॉस्टनमधील तिची नायिका हेस्टर प्रिन हिला व्यभिचारातून मुलगी झाल्याबद्दल छातीवर लाल अक्षर बाळगण्याची शिक्षा होते. मुलीच्या बापाचे नाव ती शेवटपर्यंत सांगत नाही आणि शिवणकाम करून मुलीला गावातच वाढवते. महाराष्ट्रातल्या विधवेच्या अंगावर लाल वस्त्र येई ते काही अपराध घडण्याच्या आधीच. हेस्टरला मूल तरी जवळ ठेवता आले. इथे मूल हाच पुरावा होता. म्हणून जालीम औषधे घेऊन गर्भ पाडणे, किंवा जन्मलेल्या जिवाला विहिरीत टाकणे, एवढेच मार्ग उरत.

पुण्यात जोतीराव फुले यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या काशीबाई नावाच्या विधवेवर हीच वेळ आली. बाळाला मारून विहिरीत टाकल्याबद्दल तिला जन्मठेप होऊन अंदमानला पाठवण्यात आले. या घटनेने हेलावून जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 मध्ये स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. विधवांनी गुप्तपणे येऊन बाळंत व्हावे, अशा जाहिराती ब्राह्मण वस्तीच्या नाक्यांवर लावल्या. जोतीरावांनीच 1884 मध्ये सरकारला कळवल्याप्रमाणे तोवर 35 विधवा येऊन गेल्या. त्यांची पाचच मुले जगली, कारण गर्भ लपवण्यासाठी आयांनी घेतलेल्या औषधांनी बाकीची पोटातच जायबंदी झाली होती. याच घरात जन्मलेल्या यशवंताला फुले दांपत्याने दत्तक घेतले. पुढे तो डॉक्टर झाला.

सोलापूर जिल्ह्यात हेच काम पंढरपुरात उभे राहिले. तीर्थक्षेत्राला विधवा येणे नवलाचे नव्हते. त्यामुळे अडचणीत सापडलेल्या स्त्रीला यात्रेच्या निमित्ताने तिथे पाठवणे किंवा नेऊन सोडणे घरच्यांना सोयीचे पडे. गर्दीत कोणी कोणाला गाव विचारत नसे. पंढरपूरचे न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज या सुधारक संस्थेने 1875 मध्ये तिथे बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. लगेच 1876-77 चा दुष्काळ आला आणि टाकलेल्या अर्भकांबरोबर पोरकी झालेली मुलेही संस्थेला सांभाळावी लागली. हीच संस्था पुढे वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम या नावाने ओळखली जाऊ लागली. पाप-पुण्याचा निवाडा बाजूला ठेवून आई आणि मूल दोघांचा जीव वाचवणे, हे या कामाचे मोठेपण होते. प्रायश्चित्ताने जे साधले नसते ते एका सुरक्षित खोलीने साधले.

1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती शिक्षा जन्मठेपेवर आणि पुढे पाच वर्षांवर आली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले गेले, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषांना त्यांचा वाटा दाखवला. हे पुस्तक पुढे विस्मरणात गेले आणि 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले.

तेव्हा घरांना ज्याची भीती असे तो वाळीत टाकण्याचा प्रकार, म्हणजे सामाजिक बहिष्कार, महाराष्ट्रात 2017 पासून गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यामागची चळवळ सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाने चालवली होती. राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही याचे अनुकरण करण्यास सांगितले. सोलापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामसभेने हा ठराव नुसता कागदावर न ठेवता अमलात आणला पाहिजे.