आकाशपाळण्यातून उगवलेलं झाड

आजच्या भागात एका फोटोबद्दल बोलू या. तुम्ही ओहायोत राहत असाल, तर तो कधी ना कधी तुमच्या फोनवर येऊन गेला असेल. गंजलेला आकाशपाळणा, आणि त्याच्या मधोमध, लोखंडी आऱ्यांमधून सरळ वर गेलेलं झाड. भुताखेताची गोष्ट म्हणून तो पुढे पाठवला जातो. पण तो फोटो भुताचा नाही, हिशेबाचा आहे.

जागा आहे चिपेवा लेक पार्क, मेडायना काउंटी. आपल्या डब्लिनहून आय-७१ ने उत्तरेला निघालात तर सुमारे दीड तास. तळ्याकाठची ही सहलीची जागा १८७८ मध्ये सुरू झाली. क्लीव्हलंडकडचे लोक आगगाडीने यायचे, बोटीत बसायचे, बॉलरूममध्ये नाचायचे. १९२५ च्या सुमारास लाकडी रोलर कोस्टर आला. आणि १९७८ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, पार्क बंद पडला.

आता हिशेब. त्या काळी अमेरिकेतले बरेच पार्क आगगाडीच्या किंवा ट्रामच्या जिवावर उभे राहिले. ट्राम कंपनीचे डबे आठवडाभर नोकरदारांनी भरायचे आणि रविवारी रिकामे धावायचे. मग मार्गाच्या शेवटी झाडं, तळं, पाळणे असं काहीतरी उभं करायचं, म्हणजे रविवारीही तिकिटं खपतात. आपल्या कोलंबसचा ओलेंटँजी पार्क १८९० च्या दशकात ट्राम कंपनीच्याच हातात होता. पुढे घरोघरी मोटार आली. मोटार असली की माणूस जवळच्या तळ्यावर कशाला थांबेल? तो सरळ सीडर पॉइंटला जातो. ओलेंटँजी पार्क १९३७ मध्ये बंद झाला आणि तिथे घरं उभी राहिली. चिपेवा लेकने आणखी चाळीस वर्षं तग धरला, एवढाच फरक.

फोटो हे काही सांगत नाही. तो पाहून वाटतं, लोक एका रात्रीत उठून पळाले. प्रत्यक्षात गर्दी वर्षावर्षाने ओसरली. कुलूप लागल्यावर पाळणे तिथेच राहिले, कारण मोडायलाही पैसे लागतात. बॉलरूम २००२ मध्ये जळाली. २०२० मध्ये काउंटीच्या पार्क खात्याने ती जमीन घेतली. दरम्यानच्या काळात अनेक हौशी छायाचित्रकार कुंपणावरून उड्या मारून आत गेले. तुम्ही अशा कुठल्याही बंद जागेत तसं करू नका, हे आधी सांगतो. कुजलेली लाकडी फळी माणसाचं वजन पेलत नाही, आणि परवानगीशिवाय आत जाणं हा इथे गुन्हा आहे.

आपल्याकडे असे अवशेष फारसे का दिसत नाहीत, याचा विचार केलाय? जत्रेतला पाळणा कधी मागे राहत नाही. जत्रा उठली की रात्रीत त्याचे सांगाडे सुटे होतात, ट्रकवर चढतात आणि पुढच्या गावच्या उरुसाला लागतात. ज्याने एका जागी मुक्काम केला, त्याच पाळण्यातून झाड उगवतं.

याचा पुरावा आपल्या घराजवळच आहे. ओलेंटँजी पार्कात १९१४ मध्ये एक मेरी-गो-राउंड बसवला होता. बावन्न घोडे, सगळे हाताने कोरलेले. पार्क मोडला, पण घोडे मोडीत गेले नाहीत. ते कोलंबसच्या प्राणिसंग्रहालयाशेजारच्या छोट्या पार्कात आले. तो पार्क गुडिंग यांचा, आणि त्यांचा मूळ धंदा गावोगावच्या फेअरमध्ये पाळणे नेण्याचा, म्हणजे आपल्या भाषेत जत्रेचाच. पुढे त्या पार्कचं नाव वायन्डॉट लेक झालं, आणि २००८ मध्ये त्या जागी झूम्बेझी बे आला. घोड्यांची दुरुस्ती होऊन ते २००० पासून प्राणिसंग्रहालयात पुन्हा फिरताहेत. तुमची मुलं त्यावर बसली असतील. शंभर वर्षांपूर्वीच्या बंद पार्कावर बसलो होतो, हे त्यांना सांगा.

नावांकडेही लक्ष द्या. चिपेवा, वायन्डॉट ही इथल्या मूळ लोकांची नावं. वायन्डॉट लोकांना १८४३ मध्ये ओहायो सोडायला लावलं. डब्लिनमध्ये त्यांच्या लेदरलिप्स या प्रमुखाचं दगडी शिल्प आहे. माणसं घालवली आणि नावं करमणुकीच्या पाट्यांवर ठेवली. पुढे त्या पाट्याही गेल्या.

मग फोटो काढायचा कशाचा? ऑरोरा गावच्या गियॉगा लेक पार्कचं उदाहरण घ्या. १६ सप्टेंबर २००७ हा तिथल्या पाळण्यांचा शेवटचा दिवस होता, पण आलेल्या लोकांना ते ठाऊक नव्हतं. पार्क बंद होणार, ही घोषणा पाच दिवसांनी झाली. त्या दिवशी कुणी पोराचा आइस्क्रीम खाताना सहज फोटो काढला असेल, तर आज तो कुठल्याही अवशेषाच्या फोटोपेक्षा मोलाचा आहे. त्यात माणसं आहेत.

माझ्याकडे एस्सेलवर्ल्डचा असा एकच फोटो आहे. शाळेची सहल, गोराईची फेरीबोट, आणि ऊन लागून डोळे बारीक केलेले आम्ही पाचजण. पाळणा मागे अर्धाच आलाय. तेव्हा वाटलं, फोटो वाया गेला. आता ते पार्कही बंद आहे. त्या अर्ध्या पाळण्याकडे मी हल्ली पाहत नाही, पोरांचे चेहरे बघतो. त्यातल्या दोघांची नावं आठवत नाहीत. फोटोच्या मागे लिहिली असती तर बरं झालं असतं.

तेव्हा येत्या उन्हाळ्यात प्राणिसंग्रहालयात गेलात, तर घोडे फिरत असतानाच फोटो काढा. माणसं फोटोत येऊ द्या. आणि घरी आल्यावर त्यांची नावं आणि तारीख लिहून ठेवा. भेटू पुढच्या भागात.