क्रॉस-साइट रिक्वेस्ट फॉर्जरी : संकेतस्थळांच्या प्लगइनमधील त्रुटी

लॉगिन केलेल्या माणसाच्या ब्राउझरकडून, त्याच्या नकळत, एखाद्या संकेतस्थळाला भलतीच विनंती पाठवून घेण्याच्या हल्ल्याला क्रॉस-साइट रिक्वेस्ट फॉर्जरी म्हणतात. संक्षेपाने सीएसआरएफ, बोलताना ‘सी-सर्फ’. सॉफ्टवेअरमधील दोषांच्या ‘सीडब्ल्यूई’ या सूचीत त्याचा क्रमांक ३५२ आहे. वर्डप्रेससारख्या प्रणालीला जोडल्या जाणाऱ्या प्लगइनमध्ये हा दोष वारंवार सापडतो, म्हणून येथे मुख्यतः त्यांचाच विचार केला आहे.

दोषाचे मूळ कुकीत आहे. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी कुकी ब्राउझरमध्ये आणली. लॉगिन झाल्यावर सर्व्हर ब्राउझरला कुकी देतो आणि त्या संकेतस्थळाकडे जाणाऱ्या पुढच्या प्रत्येक विनंतीला ब्राउझर ती आपोआप जोडतो. ही विनंती कोणत्या पानावरून सुटली, याच्याशी जुन्या ब्राउझरांना देणेघेणे नव्हते. कचेरीत कागदावर साहेबांचा शिक्का असला की तो पुढे सरकतो. शिक्का साहेबांनी मारला की टेबलावरचा उचलून भलत्याने, हे कोणी विचारत नाही, तसाच हा प्रकार. ज्याच्याकडे अधिकार आहेत असा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या सांगण्यावरून ते वापरून बसतो, या गोंधळाचे वर्णन नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्येच ‘कन्फ्यूज्ड डेप्युटी’ या नावाने केले होते. वेबवरील हल्ल्याला आजचे नाव २००१ मध्ये पीटर वॉटकिन्स यांनी दिले.

हल्ल्यात पासवर्ड चोरला जात नाही. संकेतस्थळाचा ॲडमिन एका टॅबमध्ये डॅशबोर्ड उघडा ठेवून दुसऱ्या टॅबमध्ये मेलमधल्या लिंकवर क्लिक करतो. समोर येते एखादे निरुपद्रवी पान. त्यात मात्र एक अदृश्य फॉर्म असतो आणि पान उघडताच तो ॲडमिनच्याच संकेतस्थळाकडे आपणहून सबमिट होतो. आलेले उत्तर हल्लेखोराला वाचता येत नाही. त्याला ते नकोच असते. सेटिंग बदलली, काम झाले.

वर्डप्रेसने यावरचा उपाय जून २००६ च्या २.०.३ या आवृत्तीपासून दिला आहे. त्याला ‘नॉन्स’ म्हणतात. करावयाची कृती, वापरकर्त्याचा क्रमांक, त्याचे सेशन आणि वेळ यांवरून दहा अक्षरांचे टोकन तयार होते व फॉर्ममध्ये लपवले जाते. परक्या पानाला ते वाचता येत नाही, त्यामुळे खोट्या फॉर्ममध्ये घालताही येत नाही. हे टोकन एकदाच वापरायचे असते असे नावावरून वाटेल. प्रत्यक्षात ते जास्तीत जास्त २४ तास पुन्हा पुन्हा चालते. मूळ प्रणालीतल्या फॉर्मना हे संरक्षण आहे, पण प्लगइनच्या फॉर्ममध्ये टोकन घालणे आणि परत आल्यावर तपासणे ही प्लगइन लिहिणाऱ्याची जबाबदारी. विसरले तर काहीच बिघडलेले दिसत नाही. फॉर्म चालतो, सेटिंग जतन होते, चाचणीही पार पडते. म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षे टिकतो.

विसरण्याखेरीज चुकण्याच्याही ठरावीक तऱ्हा आहेत. सर्वांत फसवी अशी : ‘टोकन आले असेल आणि ते खोटे असेल, तर थांबवा.’ वाचायला ही अट चोख वाटते. हल्लेखोर टोकन पाठवतच नाही. अटीचा पहिलाच भाग खोटा ठरतो आणि दार उघडे राहते. दुसरी तऱ्हा म्हणजे तपासणीचे फंक्शन बोलवायचे, पण त्याने दिलेल्या होय-नाहीकडे पाहायचेच नाही. ‘इज ॲडमिन’ या फंक्शनच्या नावाने तर अनेकांना चकवले आहे. विनंती ॲडमिन विभागातली आहे एवढेच ते सांगते. विनंती करणारा ॲडमिन आहे की नाही, याबद्दल ते चकार शब्द काढत नाही. उलट बाजूने, टोकन असले म्हणजे अधिकार तपासायला नको असेही काही जण धरून चालतात. वर्डप्रेसच्या मार्गदर्शिकेने याला स्पष्ट मनाई केली आहे : टोकनने हेतू कळतो, अधिकार वेगळा पाहावा लागतो.

परिणाम किती गंभीर हे प्लगइन काय काम करते यावर ठरते. सूचनेची पट्टी लपवण्यापुरती विनंती असेल, तर दोषाची तीव्रता दहापैकी गुणांत मांडणाऱ्या सीव्हीएसएस मापनात अशा दोषाला बहुधा ४.३ गुण मिळतात. जानेवारी २०२० मध्ये ‘कोड स्निपेट्स’ या प्लगइनमध्ये सापडलेल्या दोषाला ८.८ मिळाले. दोन लाखांहून अधिक संकेतस्थळांवर असलेले हे प्लगइन पीएचपी कोडचे तुकडे चालवण्यासाठीच आहे. त्याच्या आयात करण्याच्या पानावर टोकनची तपासणी नव्हती. आयात केलेला तुकडा आधी निष्क्रिय ठेवायचा, अशी खबरदारी लेखकाने घेतली होती; पण पाठवलेल्या जेसन मजकुरातच ‘ॲक्टिव्ह’पुढे १ लिहिले की ती निकामी होत असे. म्हणजे ॲडमिनचा एक क्लिक, आणि सर्व्हरवर हल्लेखोराचा कोड. सीव्हीई-२०२०-८४१७ म्हणून नोंदलेला हा दोष वर्डप्रेसच्या सुरक्षेचे काम करणाऱ्या वर्डफेन्सच्या संशोधकांनी कळवला आणि २.१४.० या आवृत्तीत दूर झाला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘रिअल-टाइम फाइंड अँड रिप्लेस’ या लाखभर संकेतस्थळांवरच्या प्लगइनची पाळी आली. पान वाचकापर्यंत जाताना त्यातला मजकूर बदलणे हे त्याचे काम. बदलाचा नियमच बनावट विनंतीने घुसवता येत होता. एचटीएमएलमधल्या ‘हेड’ टॅगच्या जागी स्क्रिप्ट घातली की ती जवळपास प्रत्येक पानावर चालली असती. सीएसआरएफमधून असा कायमचा एक्सएसएस (क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग, म्हणजे पानात परकी स्क्रिप्ट घुसवणे) साधणे ही प्लगइनच्या बाबतीतली नेहमीची जोडगोळी आहे. संकेतस्थळावर एक्सएसएस आधीच असेल, तर ती स्क्रिप्ट टोकनही वाचू शकते आणि नॉन्सचा आधार उरत नाही.

ब्राउझरांनीही पुढे आपली बाजू सावरली. कुकीला ‘सेमसाइट’ हा गुणधर्म देता येऊ लागला आणि फेब्रुवारी २०२० पासून क्रोमच्या ८० व्या आवृत्तीत, काही न सांगितलेल्या कुकीला ‘लॅक्स’ ही मर्यादा आपोआप लागू होऊ लागली. परक्या पानावरून आलेल्या पोस्ट विनंतीबरोबर, म्हणजे वर पाहिलेल्या अदृश्य फॉर्मसारख्या विनंतीबरोबर, अशी कुकी जात नाही. त्याने प्रश्न मिटला असे मानणे घाईचे आहे. सर्व ब्राउझरांनी ही मर्यादा आपणहून लावलेली नाही. क्रोमनेही नुकत्याच दिलेल्या कुकीला दोन मिनिटांची सवलत ठेवली. शिवाय साध्या लिंकवरून उघडणाऱ्या गेट विनंतीबरोबर कुकी जातेच. गेट विनंतीने काही बदलू नये हा वेबचा जुना दंडक, पण ‘डिलीट’ची साधी लिंक देणारी प्लगइन कमी नाहीत.

वेब सुरक्षेचे काम करणाऱ्या ओवास्प संस्थेच्या पहिल्या दहा धोक्यांच्या यादीत सीएसआरएफ २०१३ मध्ये आठवा होता. २०१७ च्या यादीतून तो वगळला गेला, कारण बहुतेक फ्रेमवर्कमध्ये संरक्षण अंगभूत आले होते. प्लगइनच्या जगात ते अंगभूत नाही. दुरुस्ती बहुधा दोन-चार ओळींची असते. अडते ते लेखकाने प्लगइन सोडून दिल्यावर. त्रुटी दुरुस्त न झालेले असे प्लगइन वर्डप्रेसच्या भांडारातून काढले जाते, नवे कोणी ते उतरवून घेऊ शकत नाही. आधी बसवलेल्या संकेतस्थळांवर मात्र, मालक स्वतः काढत नाही तोवर, ते त्याच त्रुटीसह चालू राहते.