व्हिडिओकॉन उद्योगसमूह

दूरचित्रवाणी संच व गृहोपयोगी विद्युत् उपकरणे यांच्या निर्मितीत एकेकाळी अग्रेसर असलेला, मराठवाड्यात वाढलेला भारतीय उद्योगसमूह. नंदलाल माधवलाल धूत व त्यांचे पुत्र यांनी तो उभारला. औरंगाबादजवळील (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) चितेगाव हे त्याचे प्रमुख निर्मितिकेंद्र होते. मराठवाड्यातील मोठी कारखानदारी मुख्यत्वे याच शहराभोवती एकवटली. परभणी, हिंगोली यांसारखे जिल्हे शेतीवरच विसंबून राहिले. त्यामुळे या समूहाच्या उत्कर्षापकर्षास प्रादेशिक महत्त्व आहे.

१९८२ मध्ये देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झाल्यावर संचांची मागणी झपाट्याने वाढली. जपानच्या तोशिबा कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने समूहाने या बाजारपेठेत प्रवेश केला. पुढे धुलाई यंत्रे, प्रशीतक व वातानुकूलक यांची त्यात भर पडली आणि ‘व्हिडिओकॉन’ हे नाव मध्यमवर्गीय घरांत रुळले.

अपकर्षाची बीजे मात्र विस्ताराच्या धोरणातच होती. २००५ मध्ये समूहाने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा चित्रनलिकांचा व्यवसाय विकत घेतला. त्यात चीन, मेक्सिको, पोलंड व इटली येथील कारखाने होते. काचेच्या नलिकांची जागा सपाट, द्रव-स्फटिक पडदे घेऊ लागले होते, नेमक्या त्याच वेळी हा व्यवहार झाला. विकणाऱ्याने जो व्यवसाय सोडला, तो घेणाऱ्याने भविष्य म्हणून स्वीकारावा, हे आज विलक्षण वाटते. स्वस्तात मिळालेले कारखाने अखेर भारभूत ठरले.

यानंतर समूह दूरध्वनिसेवेकडे वळला. २००८ मध्ये मिळालेले परवाने सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी, एकूण १२२ परवान्यांसोबत, रद्द केले. खनिज तेलक्षेत्रातील गुंतवणूक तुलनेने फलदायी ठरली; मोझांबिकमधील वायुक्षेत्रातील १०% हिस्सा २०१४ मध्ये सु. २४७·५ कोटी डॉलरांस विकला गेला. तथापि तोवर कर्जाचा डोंगर उभा राहिला होता. कोरियन कंपन्यांनी पडदे, रचना व दुरुस्तिसेवा यांत आघाडी घेतली आणि मूळ व्यवसायाकडे झालेले दुर्लक्ष ग्राहकांच्या लक्षात आल्यावाचून राहिले नाही. संच विकत घेणारा पुढील अनेक वर्षांच्या सुट्या भागांचा भरवसाही विकत घेत असतो.

जून २०१८ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठापुढे दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली. समूहातील तेरा कंपन्यांवरील मान्य दावे सु. ६४,८३८ कोटी रु. होते. जून २०२१ मध्ये मंजूर झालेली ट्विन स्टार कंपनीची योजना २,९६२ कोटी रुपयांची, म्हणजे दाव्यांच्या पाच टक्क्यांहूनही कमी होती. जानेवारी २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्द केली.